सावा (एकिनोक्लोआ)

सावा : (गु. सामो, शा. नाव एकिनोक्लोआ, कुल पोएसी). उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत पसरलेली गवतांची प्रजाती. हिच्यात ३० ते ४० जाती मानतात. पाणथळीतल्या काही बहुवर्षायू जाती सोडल्यास बहुतेक वर्षायू आहेत. फ्रेंच वनस्पतिज्ञ पालिसो द बोव्हा यांनी १८१२ मध्ये ही प्रजाती मांडली. पुढेही बराच काळ तिच्यातील जाती पॅनिकम या प्रजातीत घातल्या जात.

उकाई-काकरापारच्या कालव्यांवर भिजणाऱ्या सुरत जिल्ह्यातील भातखाचरांत दोन जाती शेतकऱ्याला छळतात. ए. कोलोना ही बुटकी, पसरट जाती. तिच्या पानांवर कधीकधी जांभळे पट्टे असतात आणि कणिशकांना कुसळ नसते. ती पहिल्या पावसाबरोबर उगवते. खाचरात पाणी साचून राहिले की दबते. ए. क्रस-गॅली ही उंच, बहुधा कुसळ असलेली जाती मात्र प्राणवायू नसलेल्या चिखलातही रुजते. रोपवाटिकेत ती भाताच्या रोपांत बेमालूम मिसळते, त्यांच्याबरोबरच उपटली जाते आणि शेतकऱ्याच्याच हाताने खाचरात लावली जाते. ओळखण्याची खूण एकच, पण पक्की : पान खोडापासून किंचित ओढून पाहावे. भाताच्या पानाच्या तळाशी पातळ जिव्हिका असते, या दोन्ही जातींत ती नसते. जगातील सर्वांत उपद्रवी तणांच्या १९७७ मधील प्रसिद्ध क्रमवारीत क्रस-गॅली तिसरी व कोलोना चौथी होती. दाणे पिकताच झडून जमिनीत साठतात, म्हणून फुलोऱ्याआधीची निंदणीच खरी उपयोगी.

तण मानलेला हाच सावा भाद्रपद शुद्ध पंचमीला ताटात येतो. महाराष्ट्रातली ऋषिपंचमी गुजरातेत ‘सामा पांचम’ म्हणून पाळतात. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य. आपल्याकडे ऋषीची भाजी व देवभात, तिकडे सामो. सुरतच्या लिंबायत-उधना भागात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना ही दोन्ही नावे शेजारपाजारी ऐकू येतात. आषाढात उगवलेला रानसावा दोनेक महिन्यांत, भात हिरवे असतानाच पिकतो. व्रताची निवड या वेळापत्रकाशी चांगलीच जुळते.

लागवडीचा सावा, ए. फ्रुमेंटेसिया, भारतात कोलोनापासून घडला. त्याचे दाणे कणसातच टिकून राहतात, हा मुख्य फरक. जपानी सावा, ए. एस्क्युलेंटा, क्रस-गॅलीपासून निराळा घडला. जपानी संशोधक याबुनो यांनी १९६० च्या दशकात संकर करून दाखवले की प्रत्येक पीक आपल्या रानटी पूर्वजाशी जननक्षम संतती देते, पण या दोन वंशांमधली संतती वांझ निघते. या चारही जातींत गुणसूत्रे ५४ च आहेत, हे विशेष.

डांगच्या डोंगरउतारांवर फ्रुमेंटेसियाला बंटी म्हणतात. वघई येथे नवसारी कृषी विद्यापीठाचे डोंगरी भरडधान्य संशोधन केंद्र असून नागली, वरी यांच्याबरोबर बंटीवरही तेथे काम होते. बाजारात मात्र गोंधळ आहे. भगर, वरई, सामो, मोरैयो ही नावे पुड्यांवर सर्रास अदलाबदलीने छापतात. वरी ही पॅनिकम सुमात्रेन्स, सावा नव्हे. सडून शिजवल्यावर दोन्ही बरीच सारखी दिसतात आणि उपवासाला दोन्ही चालतात, त्यामुळे गिऱ्हाईकाची तक्रार क्वचितच येते.