शेवटच्या चौकातले नाव

पोवाड्याची एक जुनी रीत आहे. रचणाऱ्याचे नाव शेवटच्या चौकात गुंफलेले असते. आधी गणेशाला, शारदेला नमन व्हायचे, मग वीराचा पराक्रम रंगायचा, आणि सगळे संपत आल्यावर शाहीर हळूच आपले नाव सांगून जायचा. पण वाचकहो, गावची रात्र तुम्हांला ठाऊकच आहे! तोवर पोरे आयांच्या मांडीवर झोपी गेलेली असतात, आणि पहाटे कांद्याला पाणी द्यायचे म्हणून कर्ती माणसे घोंगडी झटकून उठलेली असतात. नाव ऐकायला उरतात ते चार म्हातारे आणि आमच्यासारखे एकदोन वेडे. वीर सगळ्यांच्या लक्षात राहतो. गाणारा कुणाच्या राहत नाही.

अफझलखानाच्या वधाचा पोवाडाच घ्या. घटना १६५९ सालची. पोवाडा जिजाऊसाहेबांनी करवून घेतला अशी परंपरा आहे, आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचे त्या कवनातच आले आहे. एवढा मान मिळालेला हा माणूस. पण त्याला कोणी अगिनदास म्हणतात, कोणी अज्ञानदास. बक्षिसाचा घोडा इतिहासात पक्का राहिला, आणि स्वाराच्या नावाबद्दल मात्र दोन मते!

ही कवने पुढे कागदावर आली ती दोन रसिकांमुळे. एक हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ. हा गोरा सनदी अधिकारी मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. माटुंग्याच्या ज्या कुष्ठधामाला त्याचे नाव मिळाले, ते १८९० साली त्याच्याच खटपटीने उभे राहिले. दुसरे शंकर तुकाराम शाळिग्राम. या जोडीने गोंधळ्यांच्या मुखातले पोवाडे उतरवून घेतले आणि १८९१ साली ते ग्रंथरूपाने छापले. तीन वर्षांनी साहेबाने काहींचे इंग्रजी पद्यात भाषांतर करून विलायतेत प्रसिद्ध केले. साहेबाचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच. माझा स्वतःचा ओढा मात्र शाळिग्रामांकडे. साहेब मायदेशी गेल्यावरही त्यांनी हा नाद सोडला नाही. १९०८ साली त्यांनी रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा यांच्या लावण्या छापल्या. लावणीचे नाव काढले की पांढरपेशा घरात भुवया वर जात, त्या काळातली ही गोष्ट! याला धाडस लागते. कागदावर संबळ वाजत नाही आणि तुणतुण्याची तार झणकारत नाही, हे खरे. पण त्या वह्या भरल्या नसत्या तर आज आपल्या हाती काय उरले असते?

पुण्याच्या दरबाराचा आश्रय मिळालेले शाहीर त्या मानाने नशीबवान. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला आले ते बहुतेक आपल्या हिमतीवर गाणारे. सिन्नर तालुक्यात वावी म्हणून गाव आहे. तिथला परशराम, जातीचा शिंपी. सुमारे १७५४ साली जन्मला आणि १८४४ पर्यंत जगला, म्हणजे भरभराटीतली पेशवाई त्याने पाहिली आणि १८१८ साली ती बुडालेलीही पाहिली. त्याच तालुक्यात देशवंडीला १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक जन्मले. तरुणपणी मुंबईत मजुरी करताना कुणी त्यांच्याकडे पत्र वाचायला आणले, आणि अक्षरओळख नसल्याने त्यांना ते वाचता येईना. ही बोच मनाला लागून ते लिहायला-वाचायला शिकले, आणि १९४३ पासून गीते रचू लागले ती शेवटपर्यंत. खांद्याला पिशवी, आज या वस्तीत तर उद्या त्या. बाबासाहेबांचा विचार त्यांनी गाण्यातून खेडोपाडी पोचवला. १५ मे २००४ रोजी ते गेले. ज्यांनी त्यांची गाणी जपली ते फार शिकलेले लोक नव्हते. रात्रभर ऐकायचे आणि सकाळी आठवेल तसे वहीत उतरवायचे, असा त्यांचा रिवाज.

आता थोडे आमच्या मोसम खोऱ्याविषयी. नामपूरहून पश्चिमेकडे पाहिले की मुल्हेर-साल्हेरचे डोंगर दिसतात. साल्हेर म्हटले की १६७२ ची लढाई आठवते, ती शाळेत मीही शिकवतो. पण त्याच डोंगरांच्या कुशीत कोकणा आणि भिल्ल मंडळींचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात होतो, तो पाठ्यपुस्तकात नाही. व्रत घेतलेले लोक गावोगाव नाचत जातात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावर देवाच्या ठिकाणी पोचतात. पुढे पावरी वाजत असते. वाळलेला भोपळा, बांबूची नळी आणि टोकाला बैलाचे शिंग. एवढ्या सामानातून निघणारा तो सूर एकदा ऐकला की माणूस घरचा राहत नाही. आमच्या घरी मार्गशीर्ष लागला की सौ. न विचारताच भाकरी बांधून देते आणि मुलांना सांगते, "तुमचे बाबा निघाले."

पावरीहून मला जास्त वेड लावले ते थाळाने. काशाची थाळी, तिच्या मध्यावर मेणाने उभी केलेली बारीक काडी. त्या काडीवरून बोटे वरून खाली ओढत राहायची की थाळीतून एक अखंड गुंजन उठते, आणि त्यावर थाळकरी कथा गातो. रामाची गातो, धान्याची देवता कनसरी तिचीही गातो. एका वृद्ध थाळकऱ्याजवळ मी वही घेऊन बसू लागलो. म्हटले, "बाबा, जरा हळू सांगा, लिहून घेतो." म्हातारा हसला. "हळू नाही सांगता येत, गुरुजी. बोट थांबलं का कथा थांबते." शाळिग्रामांनाही कुण्या गोंधळ्याने असेच काही ऐकवले असेल काय, असे त्या रात्री सारखे मनात येत होते.

हल्ली तरुण मुले मोबाईलवर सगळे टिपून घेतात. बोट थांबवावे लागत नाही, ही मोठीच सोय. एकाच्या फोनात मी परवा तीच कथा ऐकली. आवाज स्वच्छ, थाळाचे गुंजनही उतरलेले. वर मात्र नुसता एक आकडा होता. मी त्या मुलाला बसवून गाणाऱ्याचे नाव, गाव आणि थाळ कुणाकडून आला एवढे लिहायला लावले. थाळ आजोबांचा निघाला. कनसरीची कथा माझ्या वहीत अजून अर्धीच आहे; धान्य रुसून निघून गेले, इथपर्यंत आम्ही आलो आहोत.