पंधरा सेंटिमीटरची पायरी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन हा भाग तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूर परभणीत. नवा जिल्हा झाला आणि जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद अशी सगळी महत्त्वाची कामे जालना शहरात आली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही बहुधा जिल्हा रुग्णालयच गाठावे लागते. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याने, चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी, परतूर-मंठ्याहून यायचे आणि शहराचे रस्ते ओलांडायचे!

रेल्वे किंवा एसटी शहरापर्यंत आणून सोडते. खरी अडचण पुढे आहे. पदपथ रस्त्यापेक्षा उंच असतो तो उगाच नव्हे. पावसाचे पाणी कडेने वाहून जावे आणि वाहने वर चढू नयेत म्हणून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत ही उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. आपण ती न बघताच चढतो. चाकाच्या खुर्चीची पुढची चाके मात्र लहान असतात, साधारण २० सेंमी व्यासाची. पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी किंवा जास्त असेल, तर आडवे ढकलून चाक वर चढत नाही, कितीही जोर लावा. इथे त्रिज्या १० आणि पायरी १५.

उपाय आपण सातवी-आठवीत शिकवतो तोच, उतरण. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो वजन धरले, तर १२ ला १ चढावर सुमारे साडेसात किलो वजनाइतका जोर लागतो, घर्षणाचा वेगळा. चढ ६ ला १ केला की पंधरा किलो, शिवाय खुर्ची मागे कलंडायची भीती. म्हणून १२ ला १ हे प्रमाण जगभर मानले गेले. पंधरा सेंटिमीटरसाठी १८० सेंमी लांबीचा उतार हवा. गंमत अशी की पदपथाची किमान मोकळी रुंदीही तीच, १.८ मीटर, सांगितलेली आहे. उतार आडवा काढला तर सपाट जागा उरतच नाही. तेव्हा कोपऱ्यावर सगळा पदपथच हळूहळू खाली आणावा लागतो.

हे प्रथम कोणाला सुचले? अमेरिकेतील कॅलमझू शहरात १९४५ साली जॅक फिशर या अपंग माजी सैनिकाने, जो व्यवसायाने वकील होता, नगरपालिकेकडे आग्रह धरला आणि प्रयोग म्हणून काही कोपरे उतरते झाले. बर्कलेत अपंग विद्यार्थ्यांच्या चळवळीमुळे १९७१ साली नगरपालिकेने हे काम हाती घेतले. जपानमध्ये १९६७ साली ओकायामा येथे सेइची मियाके यांनी अंधांसाठी उंचवट्यांच्या फरशा बसवल्या. आपल्याकडे त्या पिवळ्या रंगात दिसतात, आणि कधी कधी सरळ विजेच्या खांबावर जाऊन थांबतात.

आपला पहिला कायदा १९९५ चा. त्याच्या ४५ व्या कलमात पदपथांना उतार देण्याचे स्पष्ट सांगितले होते, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. या तीन शब्दांवर नगरपालिकांची वीस वर्षे निघाली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे ५४ लाखांची अडचण हालचालीची. २०१६ चा कायदा अधिक कडक झाला. दरम्यान 'अपंग' जाऊन सरकारी कागदांत 'दिव्यांग' आले. शब्द बदलायला सिमेंट लागत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात २०१७ च्या नियमांतील १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्तीचा आणि निकष मात्र शिफारशींचे, असे ते होते. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवावेत असा आदेश केंद्राला दिला.

जालन्यात २०२३ साली महानगरपालिका झाली. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. विद्यार्थ्यांना मीटरपट्टी, दोरी आणि वही देऊन आपल्या शाळेपासून जवळच्या सरकारी कचेरीपर्यंत न्यावे. प्रत्येक पायरीची उंची आणि प्रत्येक उताराची उंची व लांबी मोजावी, भागाकार करावा. पदपथाची मोकळी रुंदी मोजताना उभ्या केलेल्या मोटारसायकली आणि दुकानांच्या पायऱ्याही नोंदवाव्यात.