एडिनबराच्या पायाखालची माती

एडिनबरात घर घेऊ पाहणारी आपली मंडळी शाळा पाहतात, बसचा रस्ता पाहतात, खिडकीतून किल्ला दिसतो की नाही हेही पाहतात. जमिनीखाली काय आहे हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या वाडवडिलांच्या गावी, कोकणात, गवंडी पाया खणू लागला की मुरूम किंवा जांभा लागेपर्यंत कुदळ खाली ठेवीत नसे. ह्या शहराला तीच गोष्ट १७६९ साली पाच माणसे गमावून कळली. ती हकिकत अशी.

एडिनबराचा किल्ला एका जुन्या ज्वालामुखीच्या कठीण खडकावर उभा आहे. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले, पण हा खडक त्यांना दाद देईना. त्याच्या आडोशाने पूर्वेकडे उतरत जाणारी एक लांब सोंड शिल्लक राहिली. जुने शहर त्या सोंडेवर वसले. उत्तरेच्या खोलगट भागात १४६० च्या सुमारास संरक्षणासाठी पाणी अडवून नॉर लॉक हे तळे केले. पुढे शहराची सारी घाण त्यातच जाऊ लागली. (आम्हा परिचारिकांना असल्या तळ्याविषयी अधिक सांगायला नको!)

१७५९ पासून तळ्याचे पाणी काढण्यास सुरुवात झाली आणि पलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले. तेथे जाण्यासाठी पूल हवा होता. १७६५ साली नॉर्थ ब्रिजचे कंत्राट विल्यम मिल्न ह्यांना मिळाले. आता खरी गोम पाहा. जुन्या शहरातील लोक पिढ्यान्‌पिढ्या घरांचे पाये खणत आणि निघालेली माती उत्तरेच्या उतारावर लोटून देत. त्यामुळे तो उतार वरून पाहता जमीनच वाटे, पण होता निव्वळ भराव. पुलाच्या दक्षिण टोकाचा पाया मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही. त्यातच रस्त्याची उंची साधण्यासाठी वर आणखी माती घातली गेली. ऑगस्ट १७६९ मध्ये त्या बाजूचे बांधकाम कोसळले आणि पाच जण ठार झाले. डागडुजी होऊन पूल १७७२ मध्ये पुरा झाला. कर्जात बुडालेले मिल्न पुढच्याच वर्षी अमेरिकेला गेले. आज आपण ज्यावरून जातो तो पूल १८९७ साली बांधून झालेला, म्हणजे दुसरा.

भरावाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नव्या शहराचे पाये खणताना निघालेली माती १७८१ पासून तळ्याच्या चिखलात टाकीत गेले आणि तिचाच ‘माउंड’ झाला. १५ लाख गाड्या माती पडली असे म्हणतात. त्यावर रॉयल स्कॉटिश अकॅडमीची इमारत बांधताना मात्र आधी लाकडी खांब ठोकून घेतले. तोवर शहाणपण आले होते! मुंबईकरांना ह्यात नवल वाटू नये. भायखळ्याच्या सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे, ते वरळीचा हॉर्नबी वेलार्ड बांध झाल्यावर थांबले.

कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. तर मग नोव्हेंबर २००० मधली ऐका. शहराच्या आग्नेयेस, गिल्मर्टनजवळच्या फर्नीहिल भागात राहत्या घरांना तडे गेले, लोकांना बाहेर पडावे लागले आणि काही घरे पाडावी लागली. खाली चुनखडीच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी होत्या. शेताला आणि बांधकामाला चुना लागे, म्हणून एके काळी तो दगड काढला होता. त्यात एक कायद्याची अडचण आहे, ती लक्षात ठेवावी. कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली तर १९९१ च्या कायद्याखाली दाद मागता येते. तो कायदा चुनखडीच्या खाणींना लागू नाही. तेथे घराचा विमा किती भरून देतो, हाच प्रश्न उरतो.

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विकणाऱ्याला होम रिपोर्ट द्यावा लागतो. तो जरूर वाचावा, पण त्यातला सर्व्हेअर डोळ्यांनी दिसेल तेवढेच पाहतो, खणून पाहत नाही. म्हणून दक्षिण आणि पूर्व एडिनबरात घर घेताना वकिलाकडून खाणींचा अहवाल मागवावा आणि त्यात कोळशाखेरीज इतर खाणी धरल्या आहेत का, हे स्पष्ट विचारावे. विम्यात जमीन खचण्याची जोखीम येते का तेही पाहावे. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशा विभागात जुने नकाशे फुकट पाहायला मिळतात. आपल्या रस्त्याच्या जागी पूर्वी खाण, चुन्याची भट्टी की तळे होते, ते त्यांत बहुधा सापडते. मेडोज हे आजचे मोठे मैदानही एके काळी तळेच होते.

बागेची तऱ्हा वेगळी. इथे पुष्कळ ठिकाणी बर्फाने आणून टाकलेली दगडगोट्यांची चिकण माती आहे. ती पाणी धरून ठेवते आणि वसंतात उशिरा तापते. कोकणच्या तांबड्या मातीत पाऊस थांबला की पाणी मुरून जाते, तशी सवय हिला नाही. हातभर खड्डा खणून पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. पाणी तसेच असेल तर सफरचंदाचे रोप घेण्याआधी चर खणावा लागेल. भाज्यांसाठी चांगली माती घालून उंच वाफे केले की मेथी, कोथिंबीर जूनमध्ये बरी येते.