जोडीदार अमेरिकेत, कमाई बेताची: कोणत्या मार्गाने जाणं परवडतं?

लग्नाच्या बायोडेटात 'मुलगा यूएसला सेटल' एवढं लिहिलेलं असतं आणि घरचे खूश होतात. व्हिसाच्या दृष्टीने मात्र 'सेटल' या शब्दाला काहीच अर्थ नाही. तिकडचा जोडीदार अमेरिकी नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे, एच-१बीवर नोकरी करतोय की अजून शिकतोय, यावर सगळं ठरतं. तुम्ही किती महिन्यांत जाल, गेल्यावर नोकरी करू शकाल का आणि पगार किती दाखवावा लागेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दर वेळी वेगळी आहेत.

तिकडचा जोडीदार मोठ्या आयटी कंपनीत असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टी पैशाच्या जोरावर निभावून जातात. पण मोटेलमध्ये, दुकानात, गॅस स्टेशनवर काम करणारे किंवा टॅक्सी चालवणारेही कमी नाहीत. अशा जोडप्यांसाठी मार्गाची निवड हाच सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय असतो.

नेमका किती पगार लागतो?

जोडीदार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला 'आय-८६४' नावाचा फॉर्म भरावा लागतो. याला 'अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट' म्हणतात. मी येणाऱ्या व्यक्तीचा खर्च उचलेन, ती सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, अशी ही लेखी हमी.

उत्पन्नाची अट अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेला जोडलेली आहे. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घरासाठी ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती, तिघांसाठी ३३,३१२ आणि चौघांसाठी ४०,१८७. अलास्का आणि हवाईसाठी आकडे वेगळे आहेत. दर वर्षाच्या सुरुवातीला ही यादी बदलते.

ऐकायला मोठी वाटली तरी ही रक्कम तासाला साधारण १३ डॉलरच्या पूर्ण वेळ कामात भागते. केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलेलं आहे. त्यात वर्षाला जेमतेम १५ हजार होतात, म्हणजे तेवढ्यात भागत नाही. पण अनेक राज्यांचं स्वतःचं किमान वेतन याहून बरंच जास्त आहे.

मग लोक अडकतात कुठे? बहुतेक वेळा कागदावर. दुकानदार हातात रोख पैसे देतो आणि ते टॅक्स रिटर्नमध्ये दिसतच नाहीत. किंवा जोडीदार स्वतःची टॅक्सी चालवतो, वर्षाला ५० हजारांचा धंदा करतो, पण पेट्रोल, दुरुस्ती, विमा सगळं वजा करून रिटर्नमध्ये १८ हजारच उत्पन्न दाखवतो. टॅक्स वाचतो खरा, पण स्पॉन्सर म्हणून त्याचं उत्पन्न १८ हजारच धरलं जातं. लग्न ठरतंय असं दिसत असेल, तर पुढचं रिटर्न भरण्याआधी हा विचार झालेला बरा.

घरात माणसं किती, हे मोजण्याचीही एक पद्धत आहे. स्पॉन्सर स्वतः, येणारा जोडीदार, स्पॉन्सरवर अवलंबून असलेली मुलं, आणि याआधी त्याने अशीच हमी देऊन कुणाला आणलं असेल आणि ती हमी अजून चालू असेल, तर तीही व्यक्ती. आधीच्या लग्नातून एक मूल असेल तर तुमचं घर तिघांचं झालं.

पुण्यातला तुमचा पगार यात धरतात का? नाही. इथली नोकरी सोडून गेलात की तो पगार बंद होतो, म्हणून त्याला किंमत नाही. पण तुमची मालमत्ता धरता येते, आणि हे अनेकांना माहीत नसतं.

इथला फ्लॅट तिथे कामाला येतो?

येऊ शकतो. उत्पन्न कमी पडत असेल तर फरकाची रक्कम मालमत्तेतून दाखवता येते. स्पॉन्सर अमेरिकी नागरिक आणि येणारी व्यक्ती त्याची पत्नी किंवा पती असेल तर फरकाच्या तिप्पट मालमत्ता लागते. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी पाचपट.

समजा, दोघांचं घर आहे आणि स्पॉन्सरची कमाई २० हजार डॉलर आहे. २०२५ च्या आकड्याने ६,४३७ डॉलर कमी पडतात. स्पॉन्सर नागरिक असेल तर १९,३११ डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल, ग्रीन कार्डधारक असेल तर ३२,१८५ ची. येणाऱ्या व्यक्तीच्या नावावरची बचत, मुदत ठेव किंवा फ्लॅट यात चालतो. अट एवढीच की वर्षभरात त्याचे पैसे करता आले पाहिजेत आणि ते देशाबाहेर नेता आले पाहिजेत. फ्लॅटवर कर्ज असेल तर ते वजा करून उरलेली किंमतच धरतात. पैसे बाहेर नेण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, त्यामुळे तो मुद्दा कागदोपत्री सिद्ध करता येतो. वडिलोपार्जित, सात-बारावर दहा नावं असलेली शेतजमीन मात्र इथे उपयोगाची नाही. ती वर्षभरात विकली जाईल, हे कुणालाच पटणार नाही.

दुसऱ्याची सही चालते, पण ती काय असते ते बघा

पगारही नाही आणि मालमत्ताही नाही, तर 'जॉइंट स्पॉन्सर' घेता येतो. तो नातेवाईक असण्याची गरज नाही. पण तो अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असला पाहिजे आणि अमेरिकेत राहणारा असला पाहिजे. एच-१बीवर दीड लाख डॉलर कमावणारा चुलतभाऊ इथे चालत नाही. गाळा चालवणारा, ग्रीन कार्ड असलेला मामा चालतो. त्याला स्वतःचं कुटुंब अधिक तुम्ही, असं मोजून १२५ टक्क्यांची अट एकट्याने पूर्ण करावी लागते. त्याच्या घरात चौघं असतील तर तुम्हाला धरून पाच, म्हणजे २०२५ च्या यादीप्रमाणे ४७,०६२ डॉलर. आणि जॉइंट स्पॉन्सर घेतला म्हणून मूळ जोडीदाराची सुटका होत नाही. कमाई शून्य असली तरी त्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो.

'मामा, एक सही हवी आहे' इतक्या सहजपणे ही गोष्ट मागितली जाते. पण हा करार आहे. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, तिच्या नावावर सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, ती अमेरिका कायमची सोडेपर्यंत किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत तो लागू राहतो. घटस्फोटाने तो संपत नाही. तिने काही ठराविक सरकारी मदत घेतली तर सरकार तो खर्च स्पॉन्सरकडे मागू शकतं, आणि ती स्वतःही त्याच्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकते. सही मागण्याआधी हे मामांना सांगायला हवं.

दुसरी बाजूही आहे. लग्न मोडलं आणि नवऱ्याने हात वर केले, तर परक्या देशात अडकलेल्या बाईच्या हातात हाच कागद असतो. आपल्या आय-८६४ ची एक प्रत प्रत्येकाने जपून ठेवावी.

लग्न करून जायचं की जाऊन लग्न करायचं?

हा पर्याय फक्त जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तरच आहे. साखरपुडा करून 'के-१' म्हणजे फियान्से व्हिसावर जायचं आणि ९० दिवसांत तिथे लग्न करायचं, किंवा इथे लग्न करून थेट पत्नी किंवा पती म्हणून इमिग्रंट व्हिसा घ्यायचा. के-१ लवकर मिळतो अशी समजूत आहे. दोन्हीकडे वर्षभर किंवा जास्तही थांबावं लागू शकतं, त्यामुळे वेगाच्या भरवशावर निर्णय घेण्यात अर्थ नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार पत्नी म्हणून जाताना आय-१३० अर्ज ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, मग व्हिसाचे ३२५, हमीपत्र तपासणीचे १२० आणि ग्रीन कार्डाचे २३५. एकूण १,३०५. के-१ मध्ये अर्जाचे ६७५, व्हिसाचे २६५, आणि तिथे लग्न झाल्यावर ग्रीन कार्डाच्या अर्जाचे १,४४०. एकूण २,३८०. कार्ड येईपर्यंत नोकरी करायची तर वर्क परमिटचे आणखी २६०. मेडिकल दोन्हीकडे वेगळं.

पण खरा फरक फीमध्ये नाहीच. पत्नी म्हणून इमिग्रंट व्हिसावर उतरलेली व्यक्ती पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकते. के-१ वर गेलेल्याला वर्क परमिट येईपर्यंत घरी बसावं लागतं, आणि त्याला काही महिने लागू शकतात. तासाला १३ डॉलरच्या नोकरीत महिन्याला सव्वादोन हजार डॉलर मिळतात. म्हणजे घरी बसलेला एकच महिना पहिल्या मार्गाच्या सगळ्या सरकारी फीपेक्षा महाग पडतो. बेताच्या कमाईत के-१ निवडण्याचं कारण मला तरी दिसत नाही, अपवाद फक्त एखाद्या जोडप्याला इथे लग्न करणंच शक्य नसेल तर.

के-१ मध्ये आपल्याकडच्या कुटुंबांसाठी आणखी एक खड्डा आहे. 'कायदेशीर लग्न तिकडे करू, इथे फक्त विधी उरकून घेऊ' असं मोठी माणसं म्हणतात. पण हिंदू विवाह कायद्यानुसार, सप्तपदी असलेल्या विधीत सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा नंतरचा पुरावा. असा विधी झाला असेल तर तुम्ही फियान्से उरत नाही आणि के-१ नाकारला जाऊ शकतो. साखरपुडा करा, हळद-मंत्राक्षता नको. याउलट पत्नी म्हणून जाणाऱ्यांना नोंदणी प्रमाणपत्र हवंच. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, जोडीदाराची रजा तेवढी आहे का ते आधी पाहा.

ग्रीन कार्ड आधी की लग्न आधी?

ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला 'एफ-२ए' या रांगेत उभं राहावं लागतं. या गटाला वर्षाला ठराविक व्हिसे मिळतात, म्हणून प्रतीक्षा काही वर्षांवर जाऊ शकते. रांग कुठपर्यंत आली, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन'मध्ये छापतं. नागरिकांच्या जोडीदारांना अशी रांग नाही.

इथे तारखेला फार महत्त्व आहे. जोडीदाराला नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळणार असेल आणि ते मंजूर होण्याआधी लग्न झालं असेल, तर तुम्ही त्याच अर्जाच्या आधारे मागाहून जाऊ शकता. याला 'फॉलो टू जॉइन' म्हणतात. नवीन रांग नाही, आणि आय-८६४ सुद्धा सहसा लागत नाही. तेच लग्न कार्ड मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी झालं, तर एफ-२ए. 'कार्ड हातात येऊ दे, मग मुहूर्त काढू' हा सल्ला काही वर्षांचा विरह पदरात टाकू शकतो.

आधीच कार्ड आलं असेल तर अर्ज लगेच भरून ठेवणं शहाणपणाचं. जोडीदार मध्येच नागरिक झाला तर त्याच अर्जाची रांग संपते. मात्र तुम्हाला आधीच्या लग्नातलं मूल असेल तर सावध राहा. एफ-२ए मध्ये मूल तुमच्याच अर्जात येतं, पण जोडीदार नागरिक झाल्यावर मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो.

एच-१बी आणि विद्यार्थी

इथे १२५ टक्क्यांची अट नाही. एच-४ साठी व्हिसा फी २०५ डॉलर, विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी एफ-२ ला १८५. अर्ज सोपा, वेळ कमी. अडचण गेल्यावर सुरू होते. एफ-२ वर नोकरी करता येत नाही, आणि विद्यार्थ्याला जोडीदाराच्या खर्चाची तजवीज विद्यापीठाला आधीच दाखवावी लागते. एच-४ वर नोकरी फक्त तेव्हाच, जेव्हा नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० मंजूर झालेला असतो किंवा त्याच आधारावर एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असतो. कंपनीने बदली करून एल-१ वर पाठवलं असेल तर जोडीदाराला थेट काम करता येतं.

एका पगारात दोघं राहू शकणार नसतील, तर आय-१४० येईपर्यंत इकडची नोकरी धरून ठेवणं हाही एक मार्गच आहे, नात्याला तो कितीही जड गेला तरी.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. हेतू लपवून व्हिसा घेतल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

गेल्यावरचा एक खर्च

अमेरिकेत पोहोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो, फी ७५० डॉलर. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल तर हा अर्ज एकट्यालाही भरता येतो, त्यासाठी जोडीदाराच्या सहीची गरज नाही. सगळे फॉर्म यूएससीआयएसच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, फॉर्मचे पैसे घेणाऱ्या एजंटाला तिथूनच नमस्कार करावा. वकील परवडत नसेल तर अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेले, सेवाभावी संस्थांमध्ये काम करणारे प्रतिनिधी कमी पैशात अर्ज तपासून देतात. त्यांची यादी त्या खात्याच्या वेबसाइटवर राज्यवार आहे, आणि ती तिकडच्या जोडीदाराने बघायची आहे.