न्यूमोनिया, प्रतिजैविके आणि प्रोकॅल्सिटोनिन

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसांतील वायुकोशांचा संसर्गजन्य दाह. तो जिवाणूंमुळे होतो तसाच विषाणूंमुळेही. ताप, खोकला, धाप किंवा क्ष-किरण चित्रातील पांढरट छाया यांवरून दोहोंतील भेद खात्रीने सांगता येत नाही. थुंकीच्या तपासणीतही पुष्कळदा जंतू हाती लागत नाही. विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नसला, तरी जिवाला धोका नको म्हणून ती दिली जातात आणि अनेकदा गरजेहून अधिक दिवस चालू राहतात. त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू फोफावतात. हे दिवस कमी करण्यासाठी रक्तातील काही प्रथिनांचे मोजमाप उपयोगी पडते का, हा या संशोधनाचा विषय आहे.

यांपैकी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) सर्वांत जुने. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये त्याचे वर्णन केले. तेही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात! मात्र ते कोणत्याही दाहात वाढते.

प्रोकॅल्सिटोनिन हे कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप. एरवी ते मुख्यत्वे गलग्रंथीतील ठरावीक पेशींत तयार होते व रक्तात नगण्य असते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाल्यास मात्र यकृतासह अनेक अवयव ते निर्माण करू लागतात, हे १९९३ मधील फ्रेंच संशोधनानंतर हळूहळू उलगडत गेले. काही तासांतच त्याची पातळी चढते आणि संसर्ग आटोक्यात आला की दिवसागणिक साधारण निम्मी होत जाते. विषाणूजन्य आजारात ते सहसा फारसे वाढत नाही.

या गुणधर्माचा वापर स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी केला. मिलिलिटरमागे ०.२५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी असल्यास प्रतिजैविक टाळावे, अधिक असल्यास द्यावे आणि दर काही दिवसांनी पुन्हा मोजून थांबवण्याचा निर्णय घ्यावा, असा त्यांचा नियम होता. मुळात पातळी फार चढलेली असेल, तर तीत ८० टक्के घट झाल्यावर औषध बंद करीत. सहा रुग्णालयांतील १,३५९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकांचा सरासरी कालावधी ८.७ दिवसांवरून ५.७ दिवसांवर आला आणि रुग्णांचे नुकसान वाढले नाही.

अमेरिकेत मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ रुग्णालयांतील १,६५६ रुग्णांच्या चाचणीत फरक जवळजवळ शून्य होता: ४.२ आणि ४.३ दिवस. त्यांत न्यूमोनियाचे रुग्ण थोडे, दमा व ब्रॉन्कायटिसचे अधिक होते. शिवाय तेथे औषधांचा वापर मुळातच बेताचा होता. जेथे उधळपट्टी कमी, तेथे बचत तरी कोठून होणार?

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूंच्या न्यूमोनियात पातळी कमी राहू शकते. उलट मोठी शस्त्रक्रिया, अपघात किंवा मूत्रपिंडविकारात संसर्गावाचूनही ती वाढते. म्हणूनच अमेरिकी वैद्यक संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, न्यूमोनियाचे निदान पक्के असेल तर पहिला आकडा कमी आला तरी प्रतिजैविक सुरू करावे.

उपचार कधी थांबवावा, हे ठरवताना मात्र ही चाचणी अधिक उपयोगी ठरते. ब्रिटनमधील ४१ अतिदक्षता विभागांत, सेप्सिसचा संशय असलेल्या २,७६० रुग्णांवरील चाचणी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोकॅल्सिटोनिन रोज मोजल्याने प्रतिजैविकांचा सुमारे एक दिवस वाचला आणि मृत्यूंच्या बाबतीत ही पद्धत नेहमीच्या उपचारापेक्षा उणी ठरली नाही. सीआरपीच्या आधारे मात्र दिवसांत फरक पडला नाही.