'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' : तीन आज्ञांमागचा खटाटोप

युनिक्स किंवा लिनक्स संगणकावर एखादे सॉफ्टवेअर मूळ आज्ञावलीतून बसवायचे असेल, तर बहुधा तीन आज्ञा द्याव्या लागतात : 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. प्रत्यक्षात पहिल्याच पायरीवर अमुक लायब्ररी सापडत नाही, असा संदेश झळकतो. ती मिळवावी, तर तिला दुसरी लागते आणि दुसरीला तिसरी. या न संपणाऱ्या साखळीला 'डिपेन्डन्सी हेल' असे नाव पडले आहे.

मूळ कारण

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या युनिक्सला पुढे अनेक फाटे फुटले. सन, एचपी, आयबीएम आदी कंपन्यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. प्रोसेसर वेगळे, फायलींच्या जागा वेगळ्या. त्यामुळे तयार प्रोग्रॅमऐवजी मूळ आज्ञावली वाटण्याची प्रथा पडली आणि ती आपल्या यंत्राला जुळवून घेण्याचे काम वापरकर्त्याच्या माथी आले.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' तयार केले. त्याच्या नियमांत आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. परंतु तोवर झालेल्या डझनभर वापरकर्त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. तिचा जाच आजही सुरू आहे.

लॅरी वॉल यांनी १९८४ च्या आपल्या 'आरएन' या प्रोग्रॅमसोबत प्रश्न विचारून माहिती घेणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट दिली. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'ऑटोकॉन्फ'ने हे प्रश्नही वगळले. स्क्रिप्टच संगणकाची चाचपणी करू लागली.

नेहमीच्या अडचणी

लायब्ररी संगणकावर असूनही 'कॉन्फिगर' ती नसल्याचे सांगते, तेव्हा बहुधा तिच्या हेडर फायली नसतात. त्या डेबियनमध्ये 'डेव्ह', तर रेड हॅटमध्ये 'डेव्हेल' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. चाचणी नेमकी कोठे फसली, हे 'कॉन्फिग डॉट लॉग' या फायलीत नोंदलेले असते. प्रोग्रॅम बसूनही लायब्ररीअभावी सुरू होत नसेल, तर लिनक्सवर 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी लागते. काढून टाकण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतेच असे नाही. म्हणून 'प्रीफिक्स' हा पर्याय वापरून स्वतंत्र डिरेक्टरीत बसवणे शहाणपणाचे ठरते.

यावर उतारा म्हणून पॅकेज व्यवस्था आल्या. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डेबियनची 'डीपीकेजी', फ्रीबीएसडीची 'पोर्ट्स' आणि १९९५ मधील रेड हॅटची 'आरपीएम' या त्यांतील प्रमुख होत. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत आलेल्या 'एपीटी'मुळे अवलंबून असलेली पॅकेजेस आपोआप उतरवली जाऊ लागली.

न वाचलेल्या ओळी

तथापि ही पॅकेजे तयार करतानाही पडद्याआड तीच स्क्रिप्ट चालते. हजारो ओळींची ही यंत्रनिर्मित स्क्रिप्ट कोणी वाचत नाही. याच सवयीचा फायदा 'एक्सझेड' या संक्षेपन-सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घेण्यात आला. सार्वजनिक भांडारात नसलेला घातक भाग केवळ वितरणाच्या संचात होता. 'कॉन्फिगर' चालताच तो चाचणीच्या फायलींत दडवलेली आज्ञावली बाहेर काढून लायब्ररीत मिसळत असे. दूरस्थ लॉगिनच्या सेवेत चोरवाट उघडणे हा त्यामागचा हेतू होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांच्या नजरेस आले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा प्रकार उघड केला. बहुतांश स्थिर वितरणांत या आवृत्त्या तोवर पोहोचल्या नव्हत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

सॉफ्टवेअर वितरणाच्या पॅकेज भांडारात उपलब्ध असेल, तर तेथूनच घ्यावे. मूळ आज्ञावलीतून बसवणे अपरिहार्य असल्यास संचाची स्वाक्षरी तपासावी. मात्र 'एक्सझेड'चा तो संच अधिकृत देखभालकर्त्यानेच प्रसिद्ध केला होता, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या दोन आज्ञा साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून द्याव्यात आणि 'रूट'चे अधिकार गरज असल्यास केवळ 'मेक इन्स्टॉल'पुरते वापरावेत.