गिल्बर्ट हिल आणि अ‍ॅमोनाइट: माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल पाहिलीय का? बेसाल्टचे उभे खांब, सुमारे 200 फूट उंच, वर गावदेवीचं मंदिर, खाली दाटीवाटीने घरं. तिच्याबद्दल कुठेही वाचा, बहुतेक ठिकाणी वय तेच: 6.6 कोटी वर्षं. मीही सिनॉप्सिसच्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं होतं, की समुद्रातून अ‍ॅमोनाइट संपत होते तेव्हा अंधेरीचा हा खडक थिजत होता. गाईडनी त्याखाली लाल रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "हे वय मोजलं कुणी?"

मला सांगता येईना.

अ‍ॅमोनाइट म्हणजे अनोळखी काहीतरी असं समजू नका. तुळशीच्या लग्नातला गंडकीचा शाळिग्राम आठवा. त्यातलं चक्र म्हणजे बऱ्याचदा याच प्राण्याच्या शंखाचा ठसा. माकूळ, ऑक्टोपस यांचे हे नातेवाईक. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून कुठल्या थरात कुठली जात हे पाहून थरांचा क्रम लावता येतो. कच्छच्या अ‍ॅमोनाइटवर विल्हेल्म वागेन यांनी 1873 ते 1875 मध्ये जे छापलं, ते आजही तिथे काम करणाऱ्याला उघडावंच लागतं.

मुंबईत मात्र हा उपाय चालत नाही. इथे लाव्हा, आणि लाव्हाच्या थरांमधल्या गाळात सापडले ते बेडूक! मग घड्याळ खडकातच शोधायचं: पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार ठराविक वेगाने अरगॉनमध्ये बदलतो, त्याचं प्रमाण मोजायचं.

शोधल्यावर पेपर मिळाला. 2001, 'करंट सायन्स', लेखक शेठ, पांडे आणि भूतानी. गिल्बर्ट हिलचं वय 6.05 कोटी वर्षं, अधिक-उणे 12 लाख. म्हणजे चूक पूर्ण माझ्या बाजूने धरली तरी शेवटचे अ‍ॅमोनाइट संपून निदान 40 लाख वर्षं झाली होती. (अधिक-उणे वाचायची सवय आत्ताच लावा, व्हायव्हाला तिथेच पकडतात.)

पेपर वीस वर्षांहून जुना, तरी 6.6 कोटी हाच आकडा फिरतोय. का? दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग खरंच त्या सुमाराचा आहे. तोच आकडा सगळ्या दगडांना चिकटला.

वाक्य मी खोडलं. अ‍ॅमोनाइटच्या अखेरच्या दिवसांतला लाव्हा बघायचाच असेल तर अंधेरीला उतरू नका, कसारा लोकल पकडा आणि घाटात जा.